सोळा वर्षांचं वेल्डिंग कुठल्या कागदावर लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये सोळा वर्षं वेल्डिंग करतात. वय छत्तीस, शिक्षण आठवी पास. कंपनीत नवे एचआर आले आणि आयटीआय नाही या कारणानं यांची नोंद अजून ‘हेल्पर’ अशीच ठेवली. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात दोन दिवस बसून यांनी आरपीएलचं, म्हणजे आधीपासून येणाऱ्या कामाला मान्यता देणारं, प्रमाणपत्र मिळवलं होतं. एचआरनं ते बघितलं आणि परत हातात दिलं. आता ते विचारतात: माझी सोळा वर्षं फुकट गेली का? पुढे काय करू? आणि सरकारनं ही पद्धत सुधारायची म्हटलं तर नक्की कुठं हात घालायला हवा, बाहेरच्या देशांत हे कसं केलं?

दादा, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तो नीट कळला की पहिल्या दोघांची उत्तरं सापडतात.

आधी माझं सांगतो. मिरजेत लेथवर हेल्पर म्हणून लागलो, मग आयटीआय केलं, पुढं बरीच वर्षं शिल्प निदेशक म्हणून पोरांना शिकवलं. आता असेसर, म्हणजे कामाची परीक्षा घेणारा, म्हणून सांगली-सातारा जिल्ह्यांत फिरतो. तुमच्या हातातला कागद ज्या कारखान्यात तयार होतो, त्या कारखान्यात मीही काम केलंय. त्यामुळे पुढं जे लिहितोय त्यात थोडी कबुलीही आहे.

तुमच्यासारख्याच एका वेल्डरची गोष्ट सांगतो. अनुभव चौदा वर्षांचा, ट्रॉल्या आणि शेडची कामं. मी त्याला १० मिमीच्या दोन प्लेटा दिल्या, कडा घासून व्ही केलेल्या, आणि उभा जोड मारायला सांगितला, खालून वर. गड्यानं होल्डर असा धरला की बघत राहावं. टॅक, म्हणजे प्लेटा जागेवर धरणारे छोटे टाके, मारताना एक वर, एक खाली, मग मध्ये, म्हणजे प्लेट ओढली जाऊ नये. हे त्याला कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. वरचा थर माशाच्या खवल्यासारखा सारखा पडला, अंडरकट, म्हणजे कडेची खाच, नाही, स्लॅग, म्हणजे वरची खपली, एका टिचकीत निघाला. शेजारी आयटीआय झालेली दोन पोरं होती, त्यांचे जोड याच्यापुढं लाजले असते.

मग त्यातून पट्टी कापली आणि मागची बाजू बाहेर राहील अशी प्रेसखाली वाकवली. निम्म्यातच मागच्या बाजूला चीर उघडली. स्केल लावली, पाच मिमीच्या वर. या परीक्षेत तीन मिमीपेक्षा मोठी उघडी चीर चालत नाही. रूट, म्हणजे जोडाचा तळ, नीट वितळलाच नव्हता.

तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, ‘साहेब, चौदा वर्षांत माझा एक जोड तुटला नाही.’ खरं होतं. ट्रॉलीच्या आणि शेडच्या कामात जोडाची मागची बाजू कधी कुणी बघितलीच नव्हती. दुसरा प्रश्न मी रॉडचा विचारला. ७०१८ नंबरचा वेल्डिंगचा रॉड ओलावा धरतो, म्हणून वापरण्याआधी ओव्हनमध्ये साधारण ३०० ते ३५० अंशांना भाजायचा आणि मग गरम ठेवायचा असतो. ‘रॉड कुठं ठेवता?’ ‘डब्यात.’ ‘पावसाळ्यात?’ ‘पावसाळ्यात हॅलोजनखाली ठेवतो जरा वेळ.’ ओव्हन त्या शॉपमध्ये नव्हताच. दोष त्याचा कसा म्हणणार?

आता बघा, या माणसाबद्दल खरं काय लिहायला हवं होतं? सपाट आणि आडवा फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला जोड: उत्तम. प्लेट वाकण्यावर ताबा: उत्तम, शिकवण्याइतका. ड्रॉइंग: मापं कळतात, वेल्डिंगची चिन्हं कळत नाहीत. उभा ग्रूव्ह जोड, म्हणजे कडा व्ही केलेला: वरून चांगला, तळ शिकायचा बाकी. रॉडची निगा: माहिती नाही. पाच ओळी. या पाच ओळी त्याला नोकरी द्यायलाही उपयोगी आणि त्याला शिकवायलाही. प्रत्यक्षात पद्धतीनं मला विचारलं ते एवढंच: पास की नापास, आणि टक्के किती. सगळ्या गुणांची बेरीज झाली आणि गडी पास झाला. तळाची चीर त्या बेरजेत बुडाली, आणि टॅक मारण्यातली हुशारीही बुडाली.

तुमच्या एचआरला तो कागद का पटला नाही, ते इथं आहे. त्यावर ‘वेल्डर’ असं पदाचं नाव, एक स्तर आणि एक शिक्का आहे. तुम्ही उभा जोड मारता की नाही, आर्गन किंवा सीओटू गॅसचं वेल्डिंग येतं की नाही, यातलं काहीच त्यांना त्यावरून कळत नाही. माणूस वाईट असेल असं नाही. त्याला जोखीम घ्यायची नाही एवढंच.

पद्धत कागदावर मात्र वाईट नाही. व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद १९५६ची. तिनं आयटीआयचं प्रमाणपत्र देशभर चालवलं, पण ती बघायची ते आयटीआयच्या वर्गात बसलेल्याकडं. २७ डिसेंबर २०१३ला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि पहिल्यांदा सरकारी भाषेत मान्य झालं की शिक्षण कुठून आलं यापेक्षा काय येतं हे महत्त्वाचं. त्यात प्रत्येक कामाचं पात्रता-पत्र केलं आणि ते व्यावसायिक मानकांत तोडलं, म्हणजे ‘अमुक जोड मारता येणं’, ‘सुरक्षितता पाळणं’ असे तुकडे. २०१८मध्ये प्रमाणपत्रं देणाऱ्या आणि असेसमेंट करणाऱ्या संस्थांवर नजर ठेवायला नवी राष्ट्रीय परिषद आली. २०२३मध्ये आराखडा आठ स्तरांवर आणला, मध्ये अर्धे स्तरही टाकले. त्याच वर्षी क्रेडिटचा आराखडाही आला: ३० तासांचं शिकणं म्हणजे एक क्रेडिट, वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. त्यात अनुभवालाही वजन दिलंय, जास्तीत जास्त दुप्पट.

म्हणजे तुकडे आधीच पाडलेले आहेत. मग तुमच्या हातात अख्खी भाकरीच का येते, किंवा काहीच का येत नाही? कारण पैसा अख्ख्या प्रमाणपत्राला मिळतो. शिबिर घेणाऱ्या संस्थेला डोक्यामागं रक्कम ठरलेली असते. पाच तुकड्यांपैकी तीन मान्य केले आणि दोन शिकवले, असल्या हिशोबाला रकाना नाही.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ला सुरू झाली आणि २०१६च्या दुसऱ्या टप्प्यात आरपीएलला मोठी जागा मिळाली. शिबिरात १२ तासांचं ओरिएंटेशन: सहा तास कामाचं, चार तास बोलण्या-वागण्याचं आणि धंद्याचं, दोन तास परीक्षा कशी असते याचं. पास झालेल्याला तेव्हा ५०० रुपये. तुमचे दोन दिवस याच साच्यातले असावेत. ज्याला काम येतं त्याला जास्त बसवून ठेवू नये, हा त्यातला विचार योग्यच होता. घोळ झाला तो मोजणीत. लक्ष्य होतं डोक्यांचं.

आता कबुली. एका गावात मी एका दिवसात तीस जणांचं असेसमेंट केलंय. तीस वेल्डर, दोन मशीन, त्यातलं एक दुपारी बंद पडलं. मला पाठवणाऱ्या संस्थेच्या माणसानं फोनवर सांगितलं की संध्याकाळपर्यंत अपलोड व्हायलाच हवं. शेवटच्या दहा जणांना मी एकेक बीड, म्हणजे वेल्डची एक रेघ, मारायला लावला, दोन प्रश्न विचारले आणि गुण भरले. त्यातले किती जण खरोखर तयार होते, मला सांगता येणार नाही. त्या दिवशीच्या कागदांवर सही माझी आहे, आणि तसला कागद एखाद्या एचआरनं बाजूला ठेवला तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. नंतर मी एका दिवसाला बारापेक्षा जास्त घेणार नाही असं कळवलं. पुढचे काही महिने कामं आली नाहीत.

याच्या बरोबर उलट एक कागद आपल्याच भागात फिरतो, तो बघा. वाळवा-कराड पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत ऑफ-सीझनला बॉयलरच्या नळ्या बदलायची कामं निघतात. तिथं ‘आयबीआर वेल्डर’ मागतात. १९५०च्या भारतीय बॉयलर विनियमांप्रमाणे बॉयलरच्या दाब सोसणाऱ्या भागाला हात लावायचा तर बॉयलर खात्याकडून परीक्षा दिलेला वेल्डर लागतो. तो दाखला वेल्डरच्या स्वतःच्या नावावर असतो, त्याच्या खिशात असतो, एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात त्याच्याबरोबर जातो. त्यावर लिहिलेलं असतं की कुठल्या पद्धतीनं, कुठल्या अवस्थेत तो जोड मारू शकतो. शिकलात कुठं हा तिथं मुख्य सवाल नाही. जोड मारा, तो तपासू, टिकला तर दाखला. ठेकेदार त्या माणसाला चहा पाजून घेऊन जातो.

हा दाखला का चालतो? परीक्षा घेणाऱ्याला किती पास झाले यावर पैसे मिळत नाहीत. जोड खरोखर तपासला जातो. दाखल्यावर नेमकं लिहिलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे दारावर तो मागितला जातो, त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. कौशल्याच्या बाकी प्रमाणपत्रांना हे दारच नाही.

जाता जाता कंपनीच्या चाचणीबद्दल. मोठ्या कंपनीच्या कामासाठी तुमची कधी ३जी (उभी प्लेट) किंवा ६जीची (तिरका पाइप) चाचणी झाली असेल, तर तो कागद कंपनीच्या फाईलला राहिला असणार. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या नियमावलीच्या नवव्या सेक्शनप्रमाणे ती पात्रता ज्या कंपनीनं तपासली तिच्या जबाबदारीवर असते, आणि त्या प्रक्रियेनं सहा महिने काम केलं नाही तर ती संपते. म्हणून एकच वेल्डर गल्ली बदलली की पुन्हा पहिलीच्या वर्गात. आपल्याकडं आयएस ७३१० हे वेल्डरच्या चाचणीचं भारतीय मानक आहे, पण कुपवाडच्या छोट्या शॉपमध्ये त्याचं नाव काढलं तर मालक विचारतो, हे कुठलं नवीन टेंडर?

वेल्डिंग निदान दिसतं, वाकवून बघता येतं. ज्या कामाचा जोड कापता येत नाही तिथं अन्याय जास्त होतो. मिरज दवाखान्यांचं गाव. तिथं पेशंटची सेवा करणाऱ्या मावश्या वर्षानुवर्षं काम करतात. एका ठिकाणी जनरल ड्यूटी असिस्टंटची परीक्षा होती, टॅबवर, प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत. अकरा वर्षं वॉर्डात काढलेल्या एक मावशी एका प्रश्नावर अडकल्या: फाउलर पोझिशन म्हणजे काय? त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला टॅबवर मदत करता येत नव्हती. परीक्षा संपल्यावर मी म्हटलं, मावशी, पेशंटला दम लागलाय, झोपवायचं कसं? त्यांनी एका हातानं खाटेचा दांडा फिरवला, पाठ निम्म्यावर उभी केली, गुडघ्याखाली उशी सरकवली आणि म्हणाल्या, ‘असं. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होत्यात.’ फाउलर पोझिशन तीच. त्या प्रश्नाला त्यांना शून्य मिळालं.

माझ्या मते सुधारणा इथून सुरू करायला हवी, आणि तिला फारसा खर्चही नाही. जे काम हातानं होतं त्याची परीक्षा हातानं घ्या, प्रश्न तोंडी विचारा, मराठीत विचारा, आणि शब्द त्या धंद्यातले वापरा. इंग्रजी नाव कळलं पाहिजे हे मला मान्य आहे, कारण डॉक्टर तेच नाव घेणार. पण ते नाव ही शिकवायची गोष्ट आहे, दहा मिनिटांची. त्यासाठी माणसाला नापास का करायचं?

दुसरं टोकही सांगतो, कारण अनुभवाचं कौतुक करताना आपण वाहवत जातो. खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यावसायिक मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, विट्याच्या माणसाचं दुकान नाही असं मोठं शहर सापडणं मुश्किल. त्यांचं कसावरचं ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळत नाही. पण तेजाबाच्या वाफेत तोंडावर नुसता रुमाल बांधून बसायची सवयही त्याच शिक्षणाबरोबर आली. वीस वर्षांच्या अनुभवात वीस वर्षांच्या चुकीच्या सवयीही मुरलेल्या असतात. मान्यता देणाऱ्यानं त्या बघायलाच हव्यात. नुसती वर्षं मोजून क्रेडिट दुप्पट करण्याची मला म्हणूनच भीती वाटते. आराखडा म्हणतो की असेसमेंट झाल्यावरच क्रेडिट द्यायचं, पण वर्षं मोजायला सोपी आणि काम मोजायला अवघड, आणि आपल्याकडं सोपं तेच शिल्लक राहतं.

बाहेरच्या देशांत हे कसं केलं, असंही विचारलंय. दोनच उदाहरणं देतो. फ्रान्सनं २००२ला कायदाच केला. कामाच्या अनुभवावरून माणूस थेट पदविका मागू शकतो. तो एक फाईल तयार करतो: मी काय केलं, कसं केलं, अडचण आली तेव्हा काय निर्णय घेतला. मग परीक्षक मंडळापुढं बसतो, त्यात धंद्यातली माणसंही असतात. तीन वर्षांच्या अनुभवाची अट २०१६मध्ये एका वर्षावर आणली, आणि २०२२च्या कायद्यानं तीही काढली. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मंडळ अर्धवट मान्यताही देऊ शकतं: एवढं मान्य, एवढं बाकी, ते शिकून या. मिळतो तो दाखला कॉलेजात मिळतो तोच, त्यावर ‘अनुभवातून’ असा वेगळा डाग नसतो. उणीव अशी की फाईल लिहायची म्हणजे लिहिता यायला पाहिजे. आपल्याकडं ती तोंडी घ्यावी लागेल, मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केली तरी चालेल.

दुसरं इंग्लंडचं. त्यांनी २००८ला सगळ्या व्यावसायिक पात्रता तुकड्यांत तोडल्या, दहा तासांना एक क्रेडिट, तुकडे जमवत जा आणि पात्रता पूर्ण करा. आधी येणाऱ्याला मान्यता देण्याची सोयही होती. मी जे मागतोय ते अगदी तेच. आणि २०१५मध्ये त्यांच्या नियामकानं ते नियमच काढून टाकले, कारण एकच साचा सगळ्यांना लागू पडेना. तुकडे इतके बारीक केले की प्रत्येकाची वेगळी तपासणी, वेगळी खूण. माणसाला अख्खं काम येतं का, हे बघायचं राहूनच जातं. म्हणून माझ्या मागणीला मीच एक अट घालतो: वेल्डरचे तुकडे पाच-सहाच असावेत, पंचवीस नकोत, आणि शेवटी एक अख्खा जॉब, ड्रॉइंग हातात देऊन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

आपल्या मातीत हा विचार नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला तेव्हा आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं कामावर आली, कुणाकडं कसला दाखला नव्हता. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, तिच्यात काम आणि शिक्षण एकाच दिवसात मावत होतं. ज्यांचं जन्मगाव आपलं देवराष्ट्रे, त्या यशवंतरावांच्या नावाच्या मुक्त विद्यापीठानं १९८९पासून दहावी-बारावी नसलेल्या प्रौढांना पूर्वतयारीच्या वाटेनं पदवीपर्यंत नेलं. मग कारखान्यातला माणूसच दारात का अडतो, याचं उत्तर मला शिक्षणखात्यात सापडत नाही. ते पगाराच्या तक्त्यात आहे. प्रमाणपत्र मिळालं म्हणून पगार वाढत नसेल तर कामगार एक दिवसाची हजेरी का बुडवेल? आणि कामगार येत नाही म्हटल्यावर शिबिरवाला गर्दी कुठून आणेल? मग ज्यांना कामच येत नाही अशांना बसवतात. या चक्राचा पहिला आरा पगार आहे.

म्हणून मला विचाराल तर सुधारणा या क्रमानं व्हावी. पहिल्यांदा मान्य झालेल्या तुकड्यांना किमान वेतनाच्या कुशल-अर्धकुशल वर्गवारीशी बांधा. मग असेसरचे पैसे शिबिरवाल्याकडून न देता वेगळ्या हातानं द्या, आणि दिवसाला किती जण याची मर्यादा घाला. असेसर त्याच धंद्यातला असावा. मी लेथवाला, मला वेल्डिंग येतं, पण खवल्याकडं बघून रॉड कसला होता ते ओळखणारी माणसं कुपवाडात आहेत, त्यांना बोलवा. आणि जे राहिलं तेवढंच शिकवायला आयटीआयच्या वर्कशॉप संध्याकाळी उघड्या ठेवा. मशीन आहेत, शेड आहे, सहा वाजता कुलूप लागतं.

त्या चीर पडलेल्या वेल्डरला आम्ही असंच सहा संध्याकाळी बोलावलं होतं, ओळखीवर, नियमात बसवून नाही. तळाचा थर मारताना दोन प्लेटांच्या मध्ये किल्लीच्या भोकासारखं एक भोक उघडं राहतं, ते डोळ्यांनी धरून रॉड पुढं न्यायचा, एवढंच शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी रॉड चिकटला, तिसऱ्या दिवशी भोक दिसायला लागलं. सहाव्या दिवशीची पट्टी वाकवून घोड्याच्या नालासारखी झाली, चीर नाही. चौदा वर्षांच्या वर फक्त सहा संध्याकाळी. त्याला वर्षभराच्या वर्गात बसवलं असतं तर तो दुसऱ्या आठवड्यात पळाला असता, आणि बरोबरच होतं.

आता तुमचं. सोळा वर्षं फुकट गेली नाहीत, पण ती दाखवावी लागतील.

एचआरशी बोलताना एक गोष्ट हातात ठेवा. केंद्राच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये ‘कुशल काम’ याची व्याख्या करताना कामावरच्या अनुभवातून मिळालेलं कौशल्य आणि संस्थेतलं प्रशिक्षण दोन्ही एकाच वाक्यात, ‘किंवा’ घालून धरली आहेत. तुमच्या उद्योगाला राज्याची अधिसूचना लागू असेल, तर तिच्यातली ‘कुशल’ची व्याख्या कामगार कार्यालयातून घेऊन वाचा. ‘आयटीआय नाही म्हणून हेल्पर’ हे कंपनीचं धोरण असू शकतं, पण कायद्याचं वाक्य म्हणून कुणी ते तुमच्या तोंडावर मारत असेल तर अधिसूचना दाखवायला सांगा. नम्रपणे, आणि शक्यतो लेखी.

खरा दाखला हवा असेल तर आयटीआयचा वेल्डर व्यवसाय बघा. तो एक वर्षाचा आहे आणि आठवी पासवर चालतो, म्हणजे शिक्षणाची अट तुम्ही पूर्ण करता. नोकरी सोडून वर्गात बसायची गरज नाही. अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येतं. वयाच्या आणि अनुभवाच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात असतात. सांगली किंवा मिरजेच्या सरकारी आयटीआयमध्ये परीक्षा विभागात जाऊन परिपत्रक मागा, चौकातल्या एजंटाला विचारू नका. पास झालात तर मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, वर्गातल्या पोराला मिळतं तेच. लेखी पेपरची भीती वाटत असेल तर वर्कशॉप कॅल्क्युलेशनपासून सुरुवात करा, तिथंच बहुतेकांचं घोडं अडतं. घरात आठवी-नववीचं पोर असेल तर त्याला शिकवायला बसवा, त्याचीही उजळणी होईल.

ऑफ-सीझनला कारखान्यांत जायची तयारी असेल तर बॉयलर खात्याच्या वेल्डर परीक्षेची चौकशी करा. पण आधी तळाचा थर पक्का करा. तिथं ओळखपाळख चालत नाही.

पीएम विश्वकर्माच्या नावानं कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. २०२३ला सुरू झालेल्या त्या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, लोहार आहे, वेल्डर नाही. शिवाय ती स्वतःच्या जिवावर धंदा करणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासारख्या पगारी माणसासाठी नाही.

शिबिराचा जुना कागद फेकू नका, फाईलमध्ये मागं लावा. पुढं लावायचं ते असं: ईएसआय आणि पीएफच्या नोंदी, म्हणजे सोळा वर्षांचा पुरावा. जुन्या सुपरवायझरचं पत्र, त्यात ‘चांगले कामगार आहेत’ असलं वाक्य नको. कुठला जोड, किती मिमी, कुठल्या पद्धतीनं, हे लिहून घ्या. पाच-सहा जॉबचे फोटो, त्यात एक तरी जोडाच्या मागच्या बाजूचा. कंपनीत कधी चाचणी झाली असेल तर तिची झेरॉक्स मागा. देतीलच असं नाही, पण मागा.

आणि हे सगळं करायच्या आधी या रविवारी एक काम करा. १० मिमीच्या प्लेटांचे दोन तुकडे घ्या, उभा जोड मारा, कापा आणि वाइसमध्ये धरून हातोड्यानं वाकवा, मागची बाजू बाहेर ठेवून. काय उघडतं ते कुणाला सांगू नका, स्वतः बघा. परीक्षेला जाताना हेल्मेटची काच स्वतःची घेऊन जा. तिथली नेहमी पांढरी पडलेली असते.